बातम्या, छंद आणि अभ्यास: कॉलेजमध्ये असताना रोजचं वाचणं-ऐकणं कसं लावावं?

दौतटाक

कॉलेजातल्या मुलामुलींचं बातम्या वाचणं म्हणजे आता बहुतेक वेळा स्क्रोल करताना जे समोर येईल ते. एकाच पट्ट्यात युद्धाची बातमी, गाण्याची क्लिप, परीक्षेचं वेळापत्रक आणि कुठल्याशा खेळाडूचं भांडण. संध्याकाळी 'आज काय वाचलंस?' असं कुणी विचारलं तर धड दोन गोष्टी सांगता येत नाहीत.

या धाग्यात नेमकी माहिती हवी आहे. कोणतं साधन, कोणती सेटिंग, कुठे घोडं अडतं आणि का. 'फोन फेकून द्या' छापाचे सल्ले कृपया नकोत.

गृहीत धरा: एक फोन, जमल्यास जुना लॅपटॉप, इंटरनेट अधूनमधून रडतं, रोज पाऊण तास मोकळा, खर्च शून्य. आवडी दोन-तीन, समजा सिनेमा, बुद्धिबळ, खगोलशास्त्र. शिवाय प्रकल्पात किंवा निबंधात चालू घडामोडींचा संदर्भ द्यावा लागतो.

फीडवाला

मूळ दुखणं बातम्यांचं नाही, क्रमाचं आहे. काय आधी दिसावं हे दुसरं कुणी ठरवतंय. तो क्रम आपल्या हातात घ्यायचा सर्वांत स्वस्त मार्ग अजूनही आरएसएस, म्हणजे संस्थळावर नवं काय आलं त्याची यादी (फीड) आपल्या अ‍ॅपमध्ये आणणारी सोय. १९९९ मधलं तंत्र आहे, पण आजही बहुतेक वृत्तसंस्थळं, ब्लॉग आणि जवळपास सगळे पॉडकास्ट त्यावर चालतात.

अ‍ॅप: अँड्रॉइडवर 'फीडर', आयफोन आणि मॅकवर 'नेटन्यूजवायर'. दोन्ही फुकट, खातं उघडावं लागत नाही. फोन आणि लॅपटॉप दोन्हीकडे वाचलेलं-न वाचलेलं जुळायला हवं असेल तर फीडली किंवा इनोरीडरचं मोफत खातं घ्या.

फीड शोधणं: संस्थळाचा पत्ता अ‍ॅपमध्ये चिकटवा, बहुतेकदा फीड आपोआप सापडतं. नाही सापडलं तर पत्त्याच्या शेवटी तिरकी रेघ मारून इंग्रजीत 'फीड' लिहून बघा. वर्डप्रेसवर चालणाऱ्या बहुतेक संस्थळांना हे लागू पडतं. तेही नाही चाललं तर लॅपटॉपवर पानाचा सोर्स (मागचा कोड) उघडा आणि कंट्रोल-एफ करून इंग्रजीत आरएसएस ही अक्षरं शोधा. फीडचा पत्ता पानाच्या डोक्यातच लिहिलेला असतो.

फोल्डर तीनच ठेवा: रोज, आठवड्याला, आवड. 'रोज'मध्ये पाचच्या वर फीड नकोत. आणि वर्तमानपत्राचं मुख्य फीड कधीही जोडू नका. त्यातून दिवसाला शंभराच्या वर बातम्या सहज येतात. विभागाचं फीड घ्या: विज्ञान, अर्थकारण, आंतरराष्ट्रीय.

हे फसतं ते नेहमी एकाच पद्धतीने. पहिल्या आठवड्यात उत्साहात ऐंशी फीड जोडली जातात, न वाचलेल्यांचा आकडा हजारावर जातो, तो बघूनच धसका बसतो आणि अ‍ॅप उघडणं बंद. म्हणून दोन दिवसांहून जुनं झालेलं 'रोज' फोल्डर सरळ 'सगळं वाचलं' करून मोकळं करायचं. यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

शेवटचं: महिन्यातून एकदा ओपीएमएल फाइल (जोडलेल्या फीडांची यादी) निर्यात करून ठेवा. १ जुलै २०१३ ला गूगलची फीड वाचायची सेवा 'गूगल रीडर' बंद झाली तेव्हा ज्यांच्याकडे ही फाइल होती त्यांना दुसरीकडे जायला फारसा वेळ लागला नाही. बाकीच्यांनी यादी आठवून आठवून पुन्हा बांधली.

चिकटपट्टी

वाचनखूण साठवली. शंका: बऱ्याच वर्तमानपत्रांच्या फीडमध्ये मथळा आणि दोन ओळीच येतात. मग उपयोग काय?

फीडवाला

@चिकटपट्टी, फीड म्हणजे अनुक्रमणिका समजा. वीस मथळे बघून तीन उघडायचे, एवढंच काम. फीडरमध्ये प्रत्येक फीडच्या सेटिंगमध्ये 'पूर्ण लेख आणा' असा पर्याय आहे, तो चालू केला की बहुतेक ठिकाणी पूर्ण मजकूर येतो आणि वायफायवर असताना उतरवून ठेवता येतो. पैसे भरल्याशिवाय न उघडणाऱ्या लेखांना मात्र हा उपाय चालत नाही.

आणि हो, यूट्यूब चॅनेललाही आरएसएस आहे. चॅनेलचा पत्ता चिकटवला की चालतं, शेवटचे १५ व्हिडिओ येतात. शॉर्ट्सही त्यातच मिसळून येतात, तेवढा ताप आहे.

ठिणगी

फीडवाल्यांशी अर्धवट असहमत. आरएसएस उत्तम आहे, पण बारा-पंधरा वर्षांची सवय असलेली अ‍ॅप सोडून कुणी तिकडे जाणार नाही. आहे तीच अ‍ॅप वठणीवर आणणं जास्त व्यवहार्य.

यूट्यूब: खात्याच्या सेटिंगमध्ये 'वॉच हिस्टरी' थांबवा आणि जुनी पुसून टाका. ऑगस्ट २०२३ पासून असं केलं की मुखपृष्ठावर सुचवण्या येतच नाहीत, पान कोरं. मग 'सबस्क्रिप्शन्स'च्या टॅबमध्ये जायचं, तिथे नव्याकडून जुन्याकडे असा साधा क्रम असतो.

हिस्टरी बंद करायची नसेल तर 'मला यात रस नाही' या बटणावर फार विसंबू नका. फायरफॉक्सवाल्या मोझिलाने २०२२ मध्ये हजारो वापरकर्त्यांच्या मदतीने तपासलं होतं. 'रस नाही' दाबल्याने नको असलेल्या सुचवण्या फक्त ११ टक्क्यांनी टळल्या, नापसंतीच्या अंगठ्याने १२, हिस्टरीतून तो व्हिडिओ काढल्याने २९ आणि 'हा चॅनेल सुचवू नका' याने ४३. म्हणजे दाबायचंच असेल तर शेवटचं बटण दाबा.

इन्स्टाग्राम: वरच्या लोगोवर टिचकी मारली की 'फॉलोइंग' आणि 'फेव्हरिट्स' असे दोन पर्याय येतात, २०२२ पासून आहेत. दोन्हीत कालक्रम. फेव्हरिट्समध्ये ५० पर्यंत खाती घालता येतात. मित्रमंडळी सोडून फक्त आवडीच्या विषयाची खाती तिथे टाकली तर एक बऱ्यापैकी आवडीचं पान तयार होतं.

एक्स: लिस्ट करा. एका विषयाची वीस-पंचवीस खाती, खाजगी लिस्ट. लिस्टमध्ये घालायला त्यांना फॉलो करावं लागत नाही, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.

फीडवाला

सूचना पटल्या. फक्त इन्स्टाचा 'फॉलोइंग' कायमचा लावून ठेवता येत नाही, अ‍ॅप उघडलं की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. तिथेच सगळा निग्रह गळतो.

अर्धविराम

नोटिफिकेशनबद्दल कुणीच बोललं नाही. खरी गळती तिथे आहे.

अँड्रॉइड ८ (२०१७) पासून प्रत्येक अ‍ॅपच्या सूचना वेगवेगळ्या प्रकारांत वाटलेल्या असतात. आलेल्या सूचनेवर बोट दाबून धरा, सेटिंग उघडा, यादी दिसेल: ब्रेकिंग, खेळ, मनोरंजन, 'तुमच्यासाठी निवडलेलं'. अख्खं अ‍ॅप बंद करण्याऐवजी निदान शेवटचे तीन बंद करा. 'तुमच्यासाठी' या नावाचं काहीही दिसलं की बिनदिक्कत बंद.

आयफोनवर आयओएस १५ पासून 'शेड्यूल्ड समरी' आहे. बातम्यांची सगळी अ‍ॅप त्यात टाकून सकाळी आठ आणि संध्याकाळी सात अशा दोन वेळा द्या. एरवी चिडीचूप.

दोन चोरवाटा राहतात. एक, ब्राउझर. कधीतरी 'परवानगी द्या' दाबलेलं असतं आणि मग क्रोममधून सूचना येत राहतात, दोष मात्र अ‍ॅपला दिला जातो. क्रोमच्या सेटिंगमध्ये 'साइट सेटिंग्ज', तिथे 'नोटिफिकेशन्स', आणि यादीतली एकेक साइट उडवा. दुसरी, होमस्क्रीन डावीकडून उजवीकडे सरकवली की येणारा गूगलचा 'डिस्कव्हर' पट्टा. गूगल अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये तो बंद होतो.

चालू काय ठेवायचं? हवामानाचा आणि आपत्तीचा अधिकृत इशारा, कॉलेजची सूचना. बस. मोठ्या घटनेच्या पहिल्या तासात मृतांचे, जखमींचे आकडे, संशयिताचं नाव, कारण, सगळं बदलत असतं. वृत्तसंस्था आधी एका ओळीचा फ्लॅश सोडतात, मग तपशील, मग दुरुस्त्या. तीन तासांनी वाचणाऱ्याला कमी शब्दांत जास्त बरोबर माहिती मिळते.

रात्रपाळी

+१. 'ब्रेकिंग' हा शब्दच इतका झिजलाय की लग्नाच्या फोटोंनाही तो लावतात.

तळटीप

साधनांवर बरंच झालं, आता वाचण्यावर.

एकच बातमी पाच ठिकाणी दिसली म्हणजे पाच जणांनी दुजोरा दिला असं नाही. एपी (स्थापना १८४६), रॉयटर्स (१८५१), एएफपी यांच्यासारख्या संस्थांची बातमी शेकडो माध्यमं विकत घेऊन जशीच्या तशी, फार तर मथळा बदलून छापतात. ओळखायचं कसं? बातमीच्या सुरुवातीला किंवा शेवटी संस्थेचं नाव बघा. ते नसेल तर मजकुरातलं एखादं वेगळं वाटणारं आठ-दहा शब्दांचं वाक्य अवतरणचिन्हांत टाकून शोधा. तेच वाक्य दहा ठिकाणी आलं तर मूळ एकच आहे: संस्थेची बातमी नाहीतर प्रसिद्धिपत्रक. प्रसिद्धिपत्रक असेल तर त्यातलं कौतुक कंपनीने स्वतःच लिहिलेलं आहे हे धरून वाचायचं.

आकड्यांच्या तीन जागी बहुतेक फसगत होते.

टक्के आणि टक्केबिंदू. व्याजदर ४ वरून ६ टक्के झाला तर वाढ दोन टक्केबिंदूंची, पण पन्नास टक्क्यांची. मथळ्याला जो मोठा वाटेल तो आकडा घेतला जातो.

धोका 'दीडपट'. दहा हजारांत २ जणांना होणारा आजार ३ जणांना झाला, तरी मथळा '५० टक्के वाढ'. आरोग्याच्या बातमीत मूळ प्रमाण दिलेलं नसेल तर ती अर्धीच बातमी.

जनमत चाचणी. हजार जणांच्या यादृच्छिक नमुन्याला साधारण ±३ बिंदूंची चूक गृहीत धरतात (९५ टक्के खात्रीच्या पातळीवर). ती प्रत्येक पक्षाच्या आकड्याला लागते. दोघांतल्या फरकाला ती जवळजवळ दुप्पट होते, म्हणून चार बिंदूंची 'आघाडी' ही बरेचदा आघाडी नसतेच.

विज्ञानाच्या बातमीत आणखी एक बघा: संशोधन प्रसिद्ध झालंय की प्रीप्रिंट आहे. आर्काइव्ह (१९९१ पासून) किंवा मेडआर्काइव्ह या प्रीप्रिंटच्या संस्थळांवरचा मजकूर समीक्षकांनी तपासलेला नसतो. चूकच असेल असं नाही, पण 'सिद्ध झालं' हे क्रियापद त्याला लागू नाही.

चिकटपट्टी

@तळटीप, 'सूत्रांच्या माहितीनुसार' आलं की काय करायचं?

तळटीप

सूत्रांचं वर्णन किती नेमकं आहे ते बघायचं. 'बैठकीला हजर असलेल्या दोन अधिकाऱ्यांनी नाव न सांगण्याच्या अटीवर' याला वजन आहे. नुसतं 'सूत्र' म्हणजे वाऱ्यावरची वरात. दोन दिवस थांबा, खरं असेल तर कुणीतरी नावानिशी बोलतं.

खटपट्या

फॉरवर्डची तपासणी. दोन मिनिटांचं काम आहे, त्यापेक्षा जास्त वेळ लागत असेल तर पुढे पाठवू नका, झालं.

आधी बाण बघा. व्हॉट्सअ‍ॅपवर दुहेरी बाण आणि 'अनेकदा फॉरवर्ड केलेला' असं असेल तर मूळ पाठवणाऱ्यापासून तो निदान पाच हात फिरून आलाय. एप्रिल २०२० पासून असा संदेश एका वेळी एकाच चॅटला पाठवता येतो. बाण नसला म्हणजे खरा, असं मात्र नाही. मजकूर कॉपी करून नव्याने चिकटवला की बाण जातो.

आता फोटो. समजा पुलावरून पाणी वाहतंय, गाड्या अडकल्यात, खाली लिहिलंय 'आज सकाळी'.

१. फोटोवर छापलेली पट्टी, मजकूर, लोगो कापून टाका. शोधयंत्र त्या अक्षरांनाच पकडून बसतं.

२. गूगल लेन्सला द्या. मग टिनआय या फोटो शोधणाऱ्या संस्थळाला द्या आणि निकाल 'सर्वांत जुना' या क्रमाने लावा. तीन वर्षांपूर्वीचा तोच फोटो आला तर काम संपलं. चेहरे आणि इमारतींसाठी यांडेक्स हे रशियन शोधयंत्र बरेचदा सरस ठरतं.

३. काहीच आलं नाही तर फोटो आडवा उलटा करून पुन्हा शोधा. शोधयंत्राला चकवायला आरशातली प्रतिमा करून टाकण्याची युक्ती जुनी आहे. अशा फोटोत पाटीवरची अक्षरं उलटी दिसतात किंवा मुद्दाम पुसट केलेली असतात.

४. तरीही नाही, तर फोटोतच बघा. पाटीवरची लिपी, गाड्यांच्या नंबरप्लेटचा रंग आणि आकार, वाहनं रस्त्याच्या कोणत्या बाजूने, स्टिअरिंग कुठे, सावल्या लांब की आखूड. 'आज सकाळी' आणि सावली पायाशी, हे जमत नाही.

५. व्हिडिओ असेल तर लॅपटॉपवर इनव्हिड-वीव्हेरिफाय हे ब्राउझरचं जोडअ‍ॅप टाका. ते व्हिडिओतल्या ठळक चौकटी काढून देतं आणि त्यांवर वरचीच कृती करता येते.

फोटोची एक्झिफ माहिती (कधी, कुठे, कशाने काढला याची फाइलमधली नोंद) बघण्यात वेळ घालवू नका. व्हॉट्सअ‍ॅपने फोटो म्हणून पाठवलं की ती गळून पडते.

मजकूर असेल तर पानावर बसून राहू नका, बाहेर पडा. स्टॅनफर्डच्या वाइनबर्ग आणि मॅकग्रू यांनी १० इतिहासकार, १० तथ्य-तपासनीस आणि २५ विद्यार्थ्यांना अनोळखी संस्थळं तपासायला दिली होती. इतिहासकार आणि विद्यार्थी पान वरून खाली वाचत बसले, सुबक लोगो आणि अधिकृत वाटणाऱ्या पत्त्याला भुलले. तपासनीस मात्र पान जवळजवळ न वाचताच नव्या टॅब उघडून 'हे कोण आहेत, यांना पैसा कोण देतं' हे शोधायला लागले आणि कमी वेळात बरोबर ठरले. 'आमच्याविषयी' पानावर स्वतःबद्दल वाईट कोण लिहिणार?

ठिणगी

उत्कृष्ट प्रतिसाद. एक भर: सापडलेलं खोटं घरच्या ग्रुपवर टाकताना मूळ खोटा फोटो पुन्हा चिकटवू नका, तोच आणखी फिरतो. त्यावर आडवी ठळक रेघ मारून स्क्रीनशॉट टाका, आणि आधी खरं काय ते लिहा.

कानसेन

ऐकण्याकडे येऊ या. प्रवासात, भांडी घासताना, चालताना वाचता येत नाही, ऐकता येतं.

अँड्रॉइडवर 'अँटेनापॉड', मोफत आणि जाहिरातीविना. लावताना तीन सेटिंग बदला. आपोआप उतरवणं फक्त वायफायवर. रोजच्या बातम्यांच्या पॉडकास्टला फक्त शेवटचा एक भाग ठेवायचा, कारण परवाची बातमी ऐकण्यात अर्थ नाही. ऐकून झालं की आपोआप पुसायचं.

डेटाचा हिशेब: १२८ केबीपीएसची एमपी३ मिनिटाला साधारण १ एमबी खाते. अर्ध्या तासाचा भाग ३० एमबी. नुसत्या बोलण्याच्या ६४ केबीपीएस भागाला त्याच्या निम्मं. तोच कार्यक्रम व्हिडिओ म्हणून बघितला तर कितीतरी पट.

वेग: बातम्या आणि गप्पांना १.२ ते १.४ पर्यंत चालतं. इतिहास, गणित, शास्त्राच्या कार्यक्रमाला १ च ठेवा. मध्ये थांबून विचार करायची जागा वक्त्याने मुद्दाम सोडलेली असते. 'शांतता वगळा' हा पर्यायही अशा कार्यक्रमांत बंदच बरा.

कुणी 'मिनिट १८ला ऐक' असं सांगितलं आणि तिथे भलतंच लागलं तर वैतागू नका. बऱ्याच पॉडकास्टमध्ये जाहिराती भाग उतरवतानाच भरल्या जातात आणि प्रत्येकाला वेगळ्या लांबीच्या मिळतात, त्यामुळे मिनिटं पुढेमागे होतात.

फक्त एकाच अ‍ॅपपुरते बांधलेले कार्यक्रम अँटेनापॉडमध्ये सापडणार नाहीत, त्यांना उघडं आरएसएस नसतं.

पडदा

छंदांबद्दल. माझं ठाम मत: छंद आणि बातम्या एका अ‍ॅपमध्ये ठेवूच नयेत. बुद्धिबळाचा डाव बघायला उघडलं आणि वीस मिनिटांनी राजकारणाच्या टिप्पण्या वाचत बसलात, तर दोन्ही बुडालं. आवडीच्या विषयाला स्वतःची जागा हवी, आणि तिथे नुसतं बघण्याऐवजी काहीतरी करायला हवं.

सिनेमा: लेटरबॉक्सडवर डायरी ठेवा. तारीख, तारे, दोन ओळी. 'चांगला होता' लिहू नका, एखादं दृश्य, कॅमेरा, आवाज यांतलं एक काहीतरी नेमकं लिहा. सहा महिन्यांनी स्वतःची आवड स्वतःला कळते. सेटिंगमधून सगळा डेटा सीएसव्हीत उतरवता येतो, वर्षातून दोनदा उतरवून ठेवा.

बुद्धिबळ: लिचेस, पूर्ण मोफत आणि मुक्तस्रोत, जाहिरात नाही. मोठ्या स्पर्धांचे डाव तिथे थेट दिसतात. 'स्टडी' उघडून डाव चिकटवा, आधी इंजिन (चाली तपासणारा प्रोग्राम) बंद ठेवून आपल्याला कुठे चूक वाटते ते लिहा, मगच इंजिन चालू करा. उलट केलं तर फक्त इंजिनचे आकडे वाचले जातात. आठवड्याची खबर हवी असेल तर 'द वीक इन चेस' १९९४ पासून चालू आहे, डावांची पीजीएन फाइल (चालींची नोंद) देतं.

खगोल: नासाचं 'रोजचं खगोलचित्र' १६ जून १९९५ पासून रोज एक चित्र आणि तज्ज्ञाने लिहिलेला छोटा परिच्छेद देतं. त्यातले दुवे हेच खरं सोनं, एका परिच्छेदातून अर्ध्या तासाचं वाचन निघतं. जोडीला स्टेलॅरियम (आकाशाचा नकाशा दाखवणारं अ‍ॅप) टाका आणि चित्रातली वस्तू आपल्या आकाशात आज किती वाजता, कुठे आहे ते बघा. बातमी आणि आकाश असं जोडलं की विसरत नाही.

चिकटपट्टी

न्यूजलेटरचं काय? इनबॉक्सचा उकिरडा होतो.

अर्धविराम

जीमेलच्या पत्त्यात अ‍ॅट चिन्हाच्या आधी अधिक चिन्ह देऊन एक शब्द लिहा, उदाहरणार्थ इंग्रजीत 'न्यूज'. मेल तुमच्याच खात्यात येते. मग फिल्टर करा: या पत्त्यावर आलेलं सगळं इनबॉक्स टाळून 'वाचन' लेबलात. काही नोंदणी-फॉर्म अधिक चिन्ह नाकारतात, तिथे पाठवणाऱ्याच्या नावाने फिल्टर. सोबत 'बाहेरील चित्रे दाखवण्यापूर्वी विचारा' हे चालू ठेवा, कारण मेल कधी उघडली हे कळवणारं एका ठिपक्याचं चित्र बहुतेक न्यूजलेटरांत असतं.

सलग तीन अंक न उघडलेलं न्यूजलेटर बंद करायचं.

झेरॉक्स

साठवण आणि संदर्भ. 'नंतर वाचू' म्हणून ढीग रचणाऱ्यांसाठी आधी वाईट बातमी: लेख साठवायचं 'पॉकेट' अ‍ॅप ८ जुलै २०२५ ला बंद झालं. त्यामुळे ज्याची निर्यात होत नाही अशा जागी काही ठेवू नका. नुसतं वाचायला इन्स्टापेपर किंवा वॉलबॅग ठीक आहे. पण अभ्यासात संदर्भ द्यायचा असेल तर सरळ झोटेरो (संदर्भ साठवायचं सॉफ्टवेअर) वापरा. मोफत आहे, ३०० एमबी जागा मिळते, आणि नुसत्या नोंदींना जागा जवळजवळ लागत नाही. जागा खातात ती पीडीएफ आणि पानांच्या प्रती.

कृती: लॅपटॉपवर झोटेरो आणि ब्राउझरचा कनेक्टर टाका. बातमी उघडली की कनेक्टरच्या चिन्हावर टिचकी, नोंद तयार. मग लगेच चार गोष्टी तपासा: लेखक, तारीख, प्रकाशन, मथळा. लेखकाच्या जागी हमखास 'वेब डेस्क' किंवा वर्तमानपत्राचंच नाव येतं. तारखेत प्रकाशनाऐवजी अद्ययावत केल्याची तारीख येते. आत्ता दहा सेकंदांत दुरुस्त होतं, सादर करायच्या आदल्या रात्री चाळीस नोंदी दुरुस्त करणं म्हणजे शिक्षा.

दुसरं पाऊल बहुतेक जण चुकवतात: वेबॅक मशीन या वेबपानं जपून ठेवणाऱ्या संस्थळावर 'सेव्ह पेज नाऊ'मध्ये पत्ता टाकून त्या पानाची प्रत घ्या आणि तो दुवा नोंदीच्या टिपेत चिकटवा. बातम्या गुपचूप बदलतात, मथळा बदलतो, पान उडतं. परीक्षकाने दुवा उघडला आणि तिथे वेगळंच वाक्य सापडलं तर तुम्ही खोटे ठरता.

फायरफॉक्समध्ये विंडोजवर एफ-९ दाबलं की वाचन-दृश्य येतं. त्यातून छापलेली पीडीएफ लहान आणि स्वच्छ येते.

रात्रपाळी

आणि एआयकडून सारांश? अर्धं कॉलेज तेच करतंय.

तळटीप

युरोपियन ब्रॉडकास्टिंग युनियन आणि बीबीसीने १८ देशांतल्या २२ सार्वजनिक माध्यमांकडून चॅटबॉटची बातम्यांवरची उत्तरं तपासून घेतली, अहवाल ऑक्टोबर २०२५ मध्ये आला. ४५ टक्के उत्तरांत निदान एक गंभीर दोष निघाला आणि सर्वांत मोठी अडचण स्रोतांची होती: दुवा दिलेला, पण त्या पानावर ते वाक्यच नाही.

फरक असा करा. 'काल काय झालं?' असं मोघम विचारणं सर्वांत धोक्याचं. वाचलेला लेख स्वतः चिकटवून 'यातले दावे आणि त्यांचे पुरावे वेगळे काढ' म्हणणं बरंच सुरक्षित, कारण पडताळायला मूळ समोर असतं. निबंधात मात्र संदर्भ मूळ लेखाचाच.

दौतटाक

धागा माझ्या अपेक्षेबाहेर भरला, सगळ्यांचे आभार. आता पाऊण तासाची वाटणी कशी?

अर्धविराम

सकाळी १५ मिनिटं 'रोज' फोल्डर, तीन लेख पूर्ण. जाता-येता २० मिनिटं पॉडकास्ट. संध्याकाळी १० मिनिटं छंद. आठवड्यातून एकदा एकच लांब लेख, सावकाश. झोपण्याआधी बातम्या नकोत.

ठिणगी

वाटणी उलटी करा. छंदाला १५ आणि बातम्यांना १०. रॉयटर्स इन्स्टिट्यूटच्या डिजिटल न्यूज रिपोर्टमध्ये बातम्या कधीकधी किंवा नेहमी टाळणाऱ्यांचं प्रमाण २०१७ मध्ये २९ टक्के होतं, २०२४ मध्ये ३९ झालं. जबरदस्तीने वाचणारे लवकर सोडून देतात. परीक्षेच्या महिन्यात तर 'आठवड्याला' फोल्डरच पुरे, जग काही बुडत नाही.

अर्धविराम

परीक्षेपुरतं मान्य. एरवी १० मिनिटांत तीन लेख वाचून होत नाहीत, मथळेच वाचले जातात, म्हणजे पुन्हा तोच पट्टा.

चिकटपट्टी

लगेच करून बघितलं. सहापैकी पाच फीड चालली. सहाव्याला फीडरमध्ये ४०३ अशी चूक दाखवतंय. ब्राउझरमध्ये तोच पत्ता व्यवस्थित उघडतो.

फीडवाला

४०४ असतं तर पत्ता बदललाय असं समजायचं. ४०३ म्हणजे पत्ता बरोबर आहे, पण सर्व्हर तुमच्या अ‍ॅपला यंत्रमानव समजून दारातून परत पाठवतोय. आधी फीडरमध्ये ताजं करण्याचं अंतर वाढवून चार तास करा, एक दिवस थांबा. नाही चाललं तर तेवढं एक फीड इनोरीडरमधून घेऊन बघा, तिथे मागणी तुमच्या फोनवरून न जाता त्यांच्या सर्व्हरवरून जाते. तेही अडलं तर संस्थळाच्या संपर्क पानावरून दोन ओळींची मेल टाका: फीडचा पत्ता, ४०३, अ‍ॅपचं नाव. सुरक्षेची नवी सेवा बसवली की फीड वाचणारी अ‍ॅपही त्या जाळ्यात अडकतात, आणि संपादकांना बरेचदा याचा पत्ताच नसतो.